पूजेतला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पोलादाच्या दोन पट्ट्या पाठीशी जोडून केलेला, हातभर लांब, आणि एके काळी टोकांनी इतका बारीक, की पाण्यात पडलेला केससुद्धा उचलावा. आज माझ्या अंगावर गंज चढला आहे. मद्रासमधल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, फुटक्या काचनळ्या आणि सुकलेल्या दौतींच्या संगतीत मी एका खणात पडून असतो. तो खण वर्षातून एकदोनदा उघडतो, आणि तोही चुकून. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. माझी ही गत व्हायला कारण घडलं, आणि त्या कारणात माझाही वाटा आहे. तो लपवून माझी गोष्ट सांगता येणार नाही.

माझा जन्म मद्रासच्याच जॉर्ज टाउनमधल्या एका बोळात झाला. सुब्बा नावाचा कारागीर तिथे डॉक्टरांची हत्यारं दुरुस्त करत बसलेला असे. एकोणीसशे एक्कावन्न साली त्याच्या दुकानात एक गृहस्थ आले आणि समोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसले. ते राघोत्तमराव. मूळचे तंजावरकडचे मराठी, कॉलेजात अटेंडरच्या नोकरीला, समुद्राच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांतले जीव सांभाळणं हे त्यांचं काम. सुब्बाने टोकं घासून दाखवली की ते मान हलवत, पुन्हा घासायला लावत. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांनी खिशातून सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि माझ्या टोकांवर टोप्यांसारखे चढवले. नाजूक जीव धरायचा तर टोप्या घालायच्या, बारीक काम करायचं तर काढायच्या. सुब्बा हसून म्हणाला, "राव, पोरीचं लग्न ठरवताना तरी इतकं बघितलंत का?" राघोत्तमरावांना हसू आलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे सुब्बाला ठाऊक नव्हतं.

मला कशासाठी घडवलं, ते आता सांगतो. समुद्रात काट्यांचा एक गोल प्राणी असतो. कुणी त्याला समुद्रसाळू म्हणतात. त्याला डोकं नसतं, शेपूट नसते, डोळेही नसतात. अंगावर चुनखडीचं कवच, कवचावर काटे, आणि काट्यांच्या मधून बाहेर येणारे शेकडो बारीक पाय. त्या पायांच्या टोकांशी चिकटणाऱ्या वाट्या असतात. त्यांनी तो खडकाला घट्ट धरून हळूहळू सरकतो. तोंड पोटाखाली. त्यात पाच दात एकाच ठिकाणी मिटतात आणि खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. कुणाच्या वाटेला जाणारा हा जीव नव्हे. पण त्याच्या वाटेला कोण जाईल याचा त्याला भरवसा नसतो, म्हणून त्याने आपली तजवीज करून ठेवलेली असते.

आमच्या टाकीत काळे, लांब काट्यांचे समुद्रसाळू असत. एकेक काटा वीतभर. त्यांना डोळे नाहीत म्हणालो, पण सावली मात्र कळते. वरून हात नेला की त्या हाताच्या सावलीकडे सगळे काटे वळतात. मी हे रोज पाहायचो आणि तरी रोज मला कसंसं व्हायचं. तो काटा आतून पोकळ आणि ठिसूळ. कातडीत शिरला की तिथेच मोडतो, विष सोडतो, आणि काढायला जावं तर त्याचे आणखी तुकडे होतात. सांध्यात रुतला तर बोट महिनोन्‌महिने आखडून राहतं. वर्गातली मुलं टाकीवर वाकली की राघोत्तमरावांचा आवाज यायचा, "हात घालूं नका. काटा म्हणजे सुई न्हवे, काच आहे ती. चिमटा कशाला केलाय?" कुणाला काटा लागलाच तर ते सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावत, आणि माझ्या टोप्या उतरवून, चष्मा कपाळावर सारून, एकेक तुकडा शांतपणे काढत. तमिळ मुलं त्यांना 'इडुक्की राव' म्हणत. इडुक्की म्हणजे चिमटा. त्यांच्या नावाला माझं नाव जोडलं गेलं, याचा मला केवढा अभिमान वाटायचा!

काम झालं की ते मला गोड्या पाण्यात धूत, पंच्याने पुसत आणि खोबरेल लावत. खाऱ्या पाण्यात सात वर्षं राबलो, पण गंजाचा एक ठिपका माझ्यावर उमटला नाही.

आणि वर्षातून एक दिवस मी देव होत असे. नवरात्रातल्या नवमीला सरस्वतीपूजा. त्या दिवशी मद्रासमध्ये सुताराची करवत, शिंप्याची कात्री, गवयाची वीणा, पोरांची पाटी, सगळं देवीपुढे मांडतात, चंदनकुंकू लावतात, आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा झाल्यावरच ते उचलायचं. आमच्या प्रयोगशाळेतही तसंच. सूक्ष्मदर्शक, सुऱ्या, जाळ्या, लहानमोठे चिमटे आणि जाडजूड ग्रंथ लाल कापडावर मांडले जायचे. मधोमध मी. वर्षभर चिखलात आणि खाऱ्या पाण्यात काढणाऱ्याला एक दिवस असं मिरवायला मिळालं तर ते आवडणारच. मला तर फार आवडायचं.

सत्तावन्न साली विद्याधर नावाचे तरुण प्राध्यापक पुण्याहून आले. हुशार, उतावळे, मनाने चांगले. त्यांच्याही घरी दसऱ्याला पूजा होई, पण एवढी कडक शिस्त त्यांनी पाहिली नव्हती. त्या वर्षीच्या नवमीला दुपारी ते टाकीपाशी आले, मेलेला एक मासा दिसला, आणि सरळ जाऊन पूजेतून मला उचलून त्यांनी तो काढला. राघोत्तमराव दारात उभे होते. पायरीवर जाऊन बसले आणि जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी घेऊन गेले. दोन दिवस ते विद्याधरांशी कामापुरतंच बोलले. मग विद्याधरच त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले.

"राघोत्तमराव, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

"तुमची चूक न्हवे, सार्. आम्हांस लागलं, इतकंच. वडील, आजे, घरचे अस्के असंच करत आले. त्यांचं गाव सुटलं, जमीन गेली. ही एक गोष्ट ऱ्हायली."

"पुन्हा असं होणार नाही. शब्द देतो."

राघोत्तमरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मित्रांनो, आता खरं सांगतो. त्या दिवशी मीही विद्याधरांवर रागावलो होतो. कपाळावर कुंकू असताना मेलेला मासा उचलायला लावला, हा मला माझा अपमान वाटला होता. त्यांनी शब्द दिला तेव्हा मनातून मीच जास्त सुखावलो.

अठ्ठावन्न सालची नवमी आली. सकाळी पूजा झाली, प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटली गेली, आणि विभाग बंद झाला. टाक्यांचं पाणी पाहायला राघोत्तमराव मागे राहिले होते. खालच्या फाटकावर पहारेकरी रामस्वामी होता. दुपारी दोनच्या सुमारास विद्याधर स्वतः समुद्राच्या पाण्याने भरलेला रॉकेलचा एक जुना डबा घेऊन धापा टाकत वर आले. रामेश्वरकडच्या एका कोळ्याला त्यांनी नवा काही जीव सापडला तर पाठवा म्हणून सांगून ठेवलं होतं. त्याने आगगाडीने एग्मोर स्टेशनावर डबा पाठवला होता, आणि तो नेमका त्याच दिवशी पोचला होता.

डब्यात एक समुद्रसाळू होता, पण असा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. काटे तांदळाच्या दाण्याएवढे, बोथट. त्या काट्यांवर सगळीकडे फुलं उमललेली. फिकट गुलाबी, पांढऱ्या कडेची, मधे जांभळा ठिपका. डोक्यावर त्याने शिंपल्यांचे तुकडे छत्रीसारखे धरले होते. राघोत्तमराव बराच वेळ डब्यात बघत राहिले.

"केवढं सुंदर. देवीनंच धाडलं म्हणायचं आज."

विद्याधर कपाळ चोळत होते. "या फुलांच्या जातीबद्दल मी काहीतरी वाचलंय. नीट आठवत नाही. पुस्तकात आहे ते." त्यांनी पूजेकडे पाहिलं. तो ग्रंथ माझ्याच शेजारी होता, पाठीवर हळद, मधे फूल ठेवलेलं. त्यांनी नजर वळवली. "असू दे. उद्या बघू."

पण डब्यातलं पाणी तापलं होतं आणि त्याला वास सुटला होता. छत्रीतले शिंपले एकेक गळून खाली पडत होते. उद्यापर्यंत तो जीव टिकणार नव्हता. डबा टाकीत ओतावा, तर नासलेल्या पाण्याने टाकीतले बाकीचे मेले असते. शिवाय तो डब्याच्या पत्र्याला पायांनी चिकटून बसला होता. त्याला सोडवूनच काढायला हवं होतं. विद्याधरांची नजर माझ्यावर आली. मी ती स्पष्ट पाहिली. राघोत्तमरावांनीही पाहिली. विद्याधरांनी मान खाली घातली, कारण त्यांनी शब्द दिला होता.

"चिमटा कशास हवा याला?" राघोत्तमराव म्हणाले. "काटे बघा की याचे. लहान लेकराला टोचायचे नाहीत."

सात वर्षं मुलांना हात घालू नका म्हणून ओरडणाऱ्या माणसाने बाही वर सारली आणि हात घातला. सगळं आयुष्य त्यांनी काट्यांपासून जपण्यात काढलं होतं, आणि इथे काटे नव्हतेच. त्यांच्या तळव्याची कातडी खाऱ्या पाण्याने जाड झाली होती, तिला काही झालं नसतं. पण पत्र्यावरून तो सुटावा म्हणून त्यांनी हात खालून घातला, आणि फुलं मनगटाच्या आतल्या मऊ बाजूला टेकली.

मला दिसलं ते एवढंच, की फुलं मिटली. राघोत्तमरावांचा चेहरा पांढरा पडला. तरीसुद्धा त्यांनी तो जीव टाकला नाही. दोन पावलं चालून तो टाकीत खडकावर अलगद ठेवला, हात बाहेर काढला, आणि मग ते भिंतीला टेकून खाली बसले.

मनगटावर दहाबारा फुलं तशीच लटकत होती. अंगापासून तुटूनही त्यांनी धरलेलं सोडलं नव्हतं. विद्याधरांनी नखांनी ती ओढायचा प्रयत्न केला. ती इवलीशी, ओली, बुळबुळीत. बोटांतून निसटत होती, आणि एकाने विद्याधरांच्याही बोटाला धरलं. ते कळवळले. त्यांनी खिडकीतून रामस्वामीला हाक मारली आणि रिक्षा आणायला पिटाळलं. मग परत येऊन बघतात तो राघोत्तमरावांचे ओठ नीट हलत नव्हते.

"राघोत्तमराव, ही काढायला हवीत. चिमट्याशिवाय निघणार नाहीत."

राघोत्तमरावांनी मान हलवली. जीभ जड झाली होती, शब्द ओढून येत होते. "आज नको... सार्. उद्यां... पुनर्पूजा झाली म्हणजे काढूं. दुखतंय, इतकंच."

विद्याधर उठले आणि माझ्यापर्यंत आले. लाल कापडाशी उभे राहिले. मागे वळून त्यांनी राघोत्तमरावांकडे पाहिलं, आणि परत जाऊन त्यांच्या मनगटाला ओला पंचा गुंडाळला. पुन्हा आले, पुन्हा उभे राहिले. वर्षापूर्वी ज्यांनी मला बेधडक उचललं होतं, ते आता म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून हात मागे घेत होते. मी पाच पावलांवर होतो. मला हाका मारता येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मारता आल्या असत्या, तर मी मारल्या असत्या का? सुरुवातीची काही मिनिटं तरी नाही. सुरुवातीला मीही माझं कुंकू सांभाळत बसलो होतो. हे सांगताना मला माझी किळस येते.

राघोत्तमरावांच्या पापण्या खाली आल्या. त्यांना त्या उघडता येईनात. श्वास वरच्यावर आणि घाईघाईने होऊ लागला. तेव्हा विद्याधरांनी मला उचललं. माझ्या टोप्या ओढून काढल्या आणि एकेक फूल धरून मनगटावरून सोडवलं. अकरा होती. माझी टोकं त्या दिवशी चुकली नाहीत. इतकं चोख काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाहून विद्याधरांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, मधे दहा मिनिटं गेली होती.

रिक्षा आली. रामस्वामी आणि विद्याधर त्यांना उचलून खाली घेऊन गेले. मी टाकीच्या काठावर पडून राहिलो. दवाखान्याच्या वाटेवरच राघोत्तमराव गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून कमजोर होतं, तशात हा धक्का. दहा मिनिटं आधी ती निघाली असती तर ते वाचले असते का, हे त्यांना सांगता आलं नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणून ती दहा मिनिटं अजून संपलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा करायला कुणी आलं नाही. विद्याधर एकटेच आले. ग्रंथावरचं फूल बाजूला ठेवून त्यांनी ते पान काढलं आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचलं. तेव्हा मला कळलं, की ती फुलं नव्हतीच. पाकळ्यांच्या प्रत्येक घेऱ्यात तीन जबडे असतात आणि जबड्यांमागे विषाची पिशवी. कुणाचा स्पर्श झाला की ते मिटतात, अंगापासून तुटले तरी चावत राहतात, आणि विष सोडत राहतात. ओठ, जीभ, पापण्या लुळ्या पडतात, श्वास कोंडतो. पुष्कळदा काही तासांनी हे सगळं उतरतंही. ते लगेच काढून टाकावेत, असं त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे तेही चिमटेच, मित्रांनो. नवमीच्या दिवशी मद्रासमधली सगळी हत्यारं निजली होती, तेव्हा त्यांचं काम चालू होतं. त्यांचा मला राग येत नाही. धरलं की धरावं, हे त्यांना जन्मापासून येतं.

तो समुद्रसाळू चार महिने जगला. टाकीतले शिंपले गोळा करून पुन्हा डोक्यावर धरायचा. विद्याधर त्याला रोज शेवाळ घालत, तेही माझ्याच टोकांनी, आणि त्याच्याकडे न बघता. तो मेल्यावर त्यांनी मला धुतलं नाही, पुसलं नाही. तसंच खाऱ्या अंगाने या खणात ठेवलं आणि खण लोटला. तेव्हापासून मी इथे आहे.

त्याआधीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. तेराव्यानंतर राघोत्तमरावांच्या पत्नी सकवारबाई त्यांचं सामान न्यायला विभागात आल्या. चष्म्याचं घर, डबा, दोन पंचे. विद्याधरांनी त्यांना खुर्ची दिली, पण स्वतः बसले नाहीत. मग मला हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. शब्द दिल्याचं, दोनदा येऊन परत गेल्याचं, दहा मिनिटांचं. काहीही झाकलं नाही.

"मला वाटलं, त्यांना दुखवू नये," ते म्हणाले. "त्यांच्या पूजेला हात लावला तर ते मला क्षमा करणार नाहीत, असं वाटलं."

सकवारबाईंची नजर माझ्याकडे गेली. माझ्या पाठीवर थोडं कुंकू अजून चिकटलेलं होतं. ते त्यांनी पदराने पुसलं. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"रागावले अस्ते, बाबा," त्या म्हणाल्या. "आठ दिवस बोलले नस्ते तुमच्याशीं. माझ्याशींही नस्ते बोलले. मग नवव्या दिवशीं आपणच येऊन जेवाय बसले अस्ते."

एवढं बोलून त्या डबा घेऊन निघून गेल्या. विद्याधर मला हातात धरून उभेच राहिले. त्यांची बोटं इतकी घट्ट होती, की माझ्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकल्या होत्या.

मित्रांनो, समुद्रावर गेलात आणि पाण्यात फूल दिसलं तर हात लावू नका. काट्यांपासून जपा, आणि जिथे काटे दिसत नाहीत तिथे जास्त जपा. आमच्यासारख्या हत्यारांची पूजा अवश्य करा. मला ती आवडत होती, अजूनही आवडेल. पण एखाद्याचा जीव घुसमटत असेल, तर त्याची किंवा आमची परवानगी विचारत उभे राहू नका. कुंकवासकट उचला. माणूस वाचला तर तुमच्यावर रागवेल. त्याला रागवायला मिळू द्या.